कूलर उतरला, शब्दकोश उघडा!

वर्धेचं ऊन ४५ अंशांकडे सरकू लागलं की माळ्यावरचा कूलर खाली येतो आणि घरोघरचे बाबा मेकॅनिक होतात. आमच्या घरी तो मान माझा. "दहा मिनिटांचं काम आहे," असं बाबा म्हणाले की समजायचं, रविवार गेला! अशा वेळी जवळ असावा म्हणून हा शब्दकोश.

पेचकस : स्क्रू सोडून बाकी सगळं उघडणारं अवजार. रंगाचा डबा, नारळाचा डोळा, प्रसंगी स्वतःचा तळहात.

पान्हा : नट १२ नंबरचा असला की घरात १०-११ चा आणि १४-१५ चाच सापडतो.

पक्कड : पान्हा न मिळाल्याचा राग नटावर काढण्याचं साधन. नटाचे सहाही कोपरे झिजवून ती त्याला गोटीसारखा गोल करते. मग पान्हा मिळूनही काय उपयोग? (गंजलेल्या नटाला आधी तेल पाजून तासभर थांबावं. पण थांबतो कोण, बाप्पा!)

दुरुस्ती : एक बिघाड काढून दोन बसवणे. १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं. गांधीजींच्या त्या स्पर्धेत अट होती : यंत्र २० वर्षं टिकावं आणि झिजलेले भाग बदलायचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. (आपल्या वर्धेच्या मगन संग्रहालयात तऱ्हेतऱ्हेचे चरखे आहेत, जरूर बघा.) आमच्या कूलरला तर त्या स्पर्धेच्या फाटकाबाहेरच थांबवलं असतं.

उरलेला स्क्रू : सगळं जोडून झाल्यावर सतरंजीवर सापडतो. "कंपनीनं जास्तीचा दिला असेल," असं म्हणून मी तो डबीत टाकला.

टेस्टर : याची मात्र थट्टा करवत नाही. त्याच संध्याकाळी धाकटी म्हणाली, "बाबा, कूलरला हात लावला की मुंग्या येतात." पत्र्याला टेस्टर टेकवला, तर आतला दिवा लागला! पत्र्यात करंट, फरशीवर पाणी आणि पोरगी अनवाणी. तिला आधी मागं ओढलं, मेन स्विच बंद केला आणि वायरमनला बोलावलं.

पंपाच्या वायरचं आवरण घासून तांबं पत्र्याला लागलं होतं. असा चुकार करंट जमिनीत नेऊन सोडायला अर्थिंगची तार असते. थ्री-पिनचा तो जाड, लांब पाय तिच्याचसाठी. आमच्या कूलरात ती तार मोकळी लोंबत होती.

"साहेब, इथला स्क्रू कुठं गेला?" वायरमननं विचारलं.

मी गुपचूप डबी आणून दिली.