यादीबाहेरच्या बायका

गेल्या ईदला मी फोनवर घराण्याची वंशावळ भरायला बसलो. चाचांना विचारत पाच पिढ्यांचे पुरुष तासाभरात सापडले. बायकांपाशी गाडी अडली. 'मोठ्या चाचांची अम्मी', 'सोलापूरवाली दादी'... खरं नाव कुणालाच आठवेना. नाव टाकल्याशिवाय ॲप पुढे सरकेना, म्हणून मी तिथे नुसतं टिंब टाकलं. आमच्या धंद्यात असंच करतात.

अमेरिकेतल्या एका प्रकल्पाने अशा टिंबांवर समाधान मानलं नाही. तिथले कृष्णवर्णीय लोक १८३० पासून अधिवेशनं भरवत आले. पहिलं फिलाडेल्फियात भरलं. गुलामगिरीचा अंत, मतदान, शाळा हे त्यांचे विषय. इतिवृत्तं मात्र ठिकठिकाणी विखुरलेली. २०१२ मध्ये डेलावेअर विद्यापीठात प्रा. गॅब्रिएल फोरमन यांच्या वर्गातून 'कलर्ड कन्व्हेन्शन्स प्रोजेक्ट' सुरू झाला. प्राध्यापक, ग्रंथपाल आणि पदवीचे विद्यार्थीही त्यात आले. ती इतिवृत्तं गोळा करून वेबसाइटवर मांडली गेली.

पण प्रतिनिधींच्या यादीत जवळजवळ सगळे पुरुषच. मग या मंडळींनी एक अट घातली. हा अभ्यास वर्गात घेणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक पुरुष प्रतिनिधीसोबत त्याच्याशी संबंधित एका स्त्रीचाही शोध विद्यार्थ्यांना घ्यायला लावायचा. बायको, बहीण, लेक, चर्चमधली सोबतीण, कुणीही. पाहुण्यांना उतरायला घर कुणी दिलं, जेवण कुणी रांधलं, पैसे कुणी जमवले, हे विचारलं की बायका दिसू लागतात.

डेटाबेस कितीही भारी असो, त्यात कोणते रकाने ठेवायचे हे माणूस ठरवतो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे मला कुणी शिकवलं नाही. आपल्याकडे 'आर्ट्स घेऊन करणार काय?' असं विचारतात. मीही धाकट्या बहिणीला विचारलं होतं. तिने ऐकलं नाही, बरं झालं.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची सोय आहे. मराठी, उर्दू, इतिहास शिकणाऱ्यांनो, इकडून तिकडून उतरवलेला प्रबंध देण्यापेक्षा आपल्या प्राध्यापकांना गाठा. मोहल्ल्यातल्या वर्गणीच्या जुन्या वह्या, जुने निकाहनामे घरच्यांची परवानगी घेऊन स्कॅन करा. निकाहनाम्यात नवरीचं नाव लिहावंच लागतं! वेबसाइटचं काम आमच्यासारख्यांवर सोपवा. रकाने मात्र तुम्ही ठरवा.

सोलापूरवाल्या दादीचा निकाह काझींच्या जुन्या रजिस्टरमध्ये असेल, असं अम्मी म्हणते. येत्या रविवारी बहिणीला घेऊन जातोय.