परदेशातील एक ताट, दोघांचे जेवण

परदेशी असलेल्या मुलाकडे किंवा लेकीकडे जाण्याचे ठरले, की आपल्या घरांतून तयारी सुरू होते. औषधांच्या चिठ्ठ्या, गरम कपडे, चष्म्याची दुसरी जोडी, विम्याची कागदपत्रे आणि बॅगेच्या उरलेल्या कोपऱ्यात भडंग व कांदा-लसूण चटणी. ही तयारी योग्यच आहे. परंतु तेथे पोहोचल्यावर वारंवार ज्या प्रसंगास सामोरे जावे लागते, त्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो प्रसंग म्हणजे उपाहारगृहातील जेवण. शेजारच्या टेबलावरील बशीचा आकार पाहून मनात येते, एवढे आपल्याला संपणार नाही. एकच पदार्थ दोघांत मागविला तर चालेल का? आणि विचारावे कोणी, कसे?

प्रश्न वरवर शिष्टाचाराचा दिसतो; साठी-सत्तरी ओलांडलेल्या वाचकांसाठी तो प्रकृतीचाही आहे. वयानुसार भूक मंदावते, दातांची शक्ती उणावते, रात्रीचे जड जेवण पचत नाही. अशा वेळी संकोचापोटी दोनपैकी एक गोष्ट घडते. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून सगळी बशी बळेच संपविली जाते आणि रात्रभर अस्वस्थता येते. किंवा 'मला काही नको' असे म्हणून उपाशी राहिले जाते, आणि मधुमेहाची गोळी मात्र वेळेवर घेतलेली असते. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक धोक्याची आहे.

येथे आपल्याच गावातील अनुभव उपयोगी पडतो. कोल्हापुरात मटणाच्या ताटाबरोबर तांबडा आणि पांढरा रस्सा हवा तितका वाढला जातो. म्हणूनच हवे तितके वाढणाऱ्या खानावळीत एका ताटात दोघांनी जेवणे मालकास रुचत नाही आणि आपल्यालाही ते गैर वाटते. मात्र सूप 'वन बाय टू' सांगितले, तर वेटर कोणतीही कुरकुर न करता दोन वाट्यांत निम्मे-निम्मे आणून देतो. भेद कोठे आहे? पहिल्या ठिकाणी माणशी किंमत घेतलेली असते, दुसऱ्या ठिकाणी मोजून दिलेल्या पदार्थाची. हे एवढे सूत्र ध्यानी ठेवले, तर परदेशातील निम्म्या शंका आपोआप फिटतात. बुफे, अर्थात हवे तितके वाढून घेण्याचे जेवण, माणशी असते; तेथे एकाच्या बशीतून दुसऱ्याने खाणे कोठेही अप्रामाणिकपणाचेच मानतात. हॉटेलातील सकाळच्या न्याहारीतून दुपारसाठी पोळीत गुंडाळून काही नेणे हेही त्यातच आले. मोजून दिलेला पदार्थ मात्र आपण विकत घेतलेला असतो. तो कसा वाटून खावा, हे बहुतांशी आपल्या हाती असते.

युरोप आणि अमेरिकेत प्रत्येकाने आपला स्वतंत्र पदार्थ मागवावा, ही सर्वसाधारण रीत आहे. वाटून घेणे तेथे निषिद्ध नाही. परंतु ते मागणी नोंदवितानाच सांगावे. पदार्थ समोर आल्यावर रिकाम्या बशा मागणे, चमच्याने हवेतून घास पलीकडे पोहोचविणे, हे अवघडल्यासारखे दिसते. 'आम्ही हा पदार्थ दोघांत घेणार आहोत, कृपया दोन बशांत द्याल का?' एवढे साधे वाक्य पुरते. अमेरिकेतील अनेक उपाहारगृहे यासाठी थोडे जादा पैसे आकारतात आणि तसे पदार्थांच्या यादीत छापलेले असते. त्याचा राग मानू नये. बशी, जागा आणि वाढप्याचे श्रम दोघांसाठीच लागतात. तेथे बक्षिशी बिलाच्या साधारण १५ ते २० टक्के देतात. एकच पदार्थ घेऊन दोघे तासभर बसलो असू, तर बक्षिशी देताना हात आखडता घेऊ नये.

इटलीत पुष्कळ ठिकाणी 'कोपेर्तो' नावाची माणशी ठरावीक रक्कम बिलात येते. टेबलाची मांडणी आणि पाव यांची ती किंमत होय. दोघांनी एक पदार्थ घेतला, तरी ती दोघांची द्यावी लागते. तेथे पिझ्झाही माणशी एक मागविण्याची रीत आहे. ज्यांना तो जड जाईल, त्यांनी सुरुवातीच्या छोट्या पदार्थांपैकी एखादा स्वतःसाठी मागवावा आणि दुसऱ्याच्या पिझ्झ्याचा एक तुकडा घ्यावा. ही वाट जवळजवळ सर्वत्र चालते. स्पेनमधील 'तापास' तर मुळात वाटून खाण्यासाठीच असतात. ज्येष्ठांना थोडे-थोडे, गरम आणि निवडून खाता येत असल्याने ही पद्धत विशेष सोयीची.

उरलेले अन्न बांधून मागण्यात कमीपणा नाही. अमेरिकेत ते नित्याचे आहे. फ्रान्समध्ये तर २०२१ पासून ग्राहकाने मागितल्यास त्यासाठी डबा देणे कायद्याने बंधनकारक आहे. बुफे मात्र यास अपवाद. पथ्य एवढेच, की शिजविलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर राहू देऊ नये. दुपारी बांधून घेतलेला भात संध्याकाळपर्यंत पिशवीत घेऊन शहर पाहत फिरणे आणि रात्री तोच खाणे, हे ज्येष्ठांच्या पोटास परवडणारे नाही. मुक्कामी लवकर परतायचे नसेल, तर न बांधलेलेच बरे.

पूर्वेकडील देशांत चित्र उलटे आहे. चीन, कोरिया, थायलंड येथे पदार्थ मध्यभागी ठेवतात आणि सर्वजण त्यातून घेतात. कोरियात वडीलधाऱ्यांनी चमचा उचलल्याखेरीज इतरांनी सुरुवात करावयाची नसते. आपल्यासाठी सारे खोळंबले आहेत हे ध्यानी न आल्याने आपणही थांबून राहतो आणि जेवण निवते! तेव्हा यजमान कोरियन असतील, तर वयाचा मान स्वीकारून पहिला घास घ्यावा. थायलंडमध्ये मधल्या पदार्थातून एका वेळी एक-दोन चमचेच घेतात. पुन्हा घेता येते. जपानमध्ये एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देत नाहीत, कारण अंत्यसंस्कारानंतर अस्थी तशा रीतीने दिल्या जातात. भातात काड्या उभ्या खोचून ठेवणेही अंत्यसंस्काराशी जोडले जात असल्याने अशुभ मानतात. काड्या वापरता येत नसतील, तर चमचा-काटा मागावा. सांडत आणि अर्धपोटी जेवण्यापेक्षा ते कितीतरी चांगले.

सामायिक पदार्थ म्हटला, की आपल्या मनात 'उष्टे' हा शब्द उभा राहतो. तोंडाला लागलेला चमचा मधल्या भांड्यात घालू नये, हा आपला दंडक केवळ सोवळ्याचा नाही. त्याला आरोग्याचा भक्कम आधार आहे. पेनांग येथे जन्मलेले डॉ. वू लिएन-तेह यांनी १९१०-११ मध्ये मंचुरियातील फुप्फुसाच्या प्लेगशी झुंज दिली. पुढे जेवणाच्या टेबलावरून होणाऱ्या रोगप्रसारास आळा घालण्यासाठी त्यांनी मध्यभागी फिरते तबक आणि प्रत्येक पदार्थास वाढण्याचा वेगळा चमचा, या रीतीचा पुरस्कार केला. चिनी उपाहारगृहांत आज दिसणाऱ्या फिरत्या टेबलाकडे पाहताना हे स्मरणात असावे. २००३ मधील सार्स आणि २०२० मधील कोविड यांच्या साथींनंतर 'वाढण्याच्या काड्या वेगळ्या ठेवा' हा आग्रह तेथे पुन्हा जोराने धरला गेला. त्यामुळे वाढण्याचा चमचा मागितल्याने कोणाचा अपमान होत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे कमी झाली आहे, त्यांनी तो अवश्य मागावा, आणि पदार्थ येताच, इतरांनी हात घालण्यापूर्वी, आपला वाटा काढून घ्यावा.

मात्र स्वच्छतेची काळजी आणि माणसांविषयीची शिवाशिव यांतील सीमारेषा कोल्हापूरकरांनी तरी विसरू नये. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' हॉटेल काढले, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा घेण्यास लोक कचरत होते. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे उघडपणे चहा घेऊन आपल्या गावास धडा घालून दिला. परदेशात नातसून वेगळ्या देशाची असेल, टेबलावर तिच्या आईवडिलांनी मागविलेले निराळे मांस असेल, तर आपण आपले शाकाहारी ताट निराळे घ्यावे. परंतु टेबल निराळे मागू नये. 'आम्ही मांस खात नाही, आमचा पदार्थ आणि चमचा वेगळा असू द्या' हे हसतमुखाने सांगता येते. नाक मुरडल्याने जे दुखावते, ते सांगितल्याने दुखावत नाही.

शाकाहारी वाचकांनी आणखी काही गोष्टी जाणून घ्याव्यात. थाई पदार्थांत माशाचा अर्क आणि जपानी रश्शात माशापासून केलेला 'दाशी' सर्रास असतो. 'व्हेजिटेबल' या शब्दावर विसंबू नये. मासे, मांस, कोंबडी, अंडे यांची नावे घेऊन विचारावे. उकळत्या रश्शाचे सामायिक भांडे टेबलावर ठेवणाऱ्या चिनी ठिकाणी मध्ये पडदी असलेले दुहेरी भांडे मिळते, ते मागावे. युरोपीय संघातील देशांत ॲलर्जी आणणाऱ्या १४ घटकांची माहिती देणे उपाहारगृहांस बंधनकारक आहे. शेंगदाणा, मासे, दूध, अंडी हे त्यात येतात. ॲलर्जी असल्यास दुसऱ्याच्या बशीतील 'फक्त एक घास' हाही टाळावा, कारण विचारपूस आपल्या पदार्थाची झालेली असते, शेजाऱ्याच्या नव्हे.

आता मधुमेहींविषयी. वाटून खाताना पोटात नेमके किती गेले, याचा अंदाज चुकतो. जेवणापूर्वीचे इन्सुलिन घेणाऱ्यांनी पदार्थ यावयास किती वेळ लागेल हे आधी विचारावे, आणि मात्रा व वेळ यांविषयी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांशी बोलून ठेवावे. औषध घेतले आणि निम्मेच जेवण झाले, तर रक्तातील साखर उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही तिची लक्षणे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास, रुग्ण शुद्धीवर असताना, तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडातून काहीही न देता तातडीची मदत बोलवावी. साखरेच्या पुड्या खिशात असाव्यात. बॅग हॉटेलात राहते, खिसा बरोबर येतो. रक्तदाबाच्या रुग्णांनी सोया सॉसकडे लक्ष द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार दिवसाचे मीठ पाच ग्रॅमहून कमी असावे. या सॉसच्या एका मोठ्या चमच्यातच त्यापैकी सुमारे निम्मे येते. गिळण्यास त्रास असलेल्यांनी जाड मांसाचा पदार्थ वाटून घेण्यापेक्षा स्वतःसाठी मऊ पदार्थ मागवावा.

शेवटी, सोबत असणाऱ्या मुलांसाठी आणि लेकी-सुनांसाठी एक विनंती. वेटर आईकडे वळतो आणि आपण चटकन सांगतो, 'तिला काही नको, ती माझ्यातले घेईल.' हेतू चांगला असतो. आईही मान हलविते. परंतु जिने आयुष्यभर सर्वांचे झाल्यावर, पातेल्यात उरले त्यावर जेवण भागविले, तिच्या वाट्याला परदेशातही दुसऱ्याच्या बशीचा कोपराच येतो, हे आपल्या ध्यानी येत नाही. तिची भूक लहान असेल, तरी निवड तिची असावी. यादी तिला वाचून दाखवावी, किंमत रुपयांत सांगण्याचे टाळावे, कारण रुपये कळताच तिची भूक मरते. छोटा पदार्थ, लहान मुलांचे माप, नुसते सूप, काहीही असो, तिच्या पुढ्यात तिची बशी यावी. मग त्यातून तिने नातवाला घास द्यावा. वाटून खाण्याचा आनंद ज्याच्यापाशी स्वतःचे काही असते, त्यालाच मिळतो.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपणही 'मला चालेल काहीही' हे वाक्य थोडे बाजूस ठेवावे. ते ऐकणाऱ्यास त्याचा काहीच उपयोग होत नाही. त्याऐवजी 'मला गरम, मऊ, कमी तिखट आणि थोडे हवे' असे सांगावे. प्रवासास निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी कुटुंबासह येथल्याच एखाद्या उपाहारगृहात जावे आणि मागणी आपण स्वतः नोंदवावी. काय हवे, किती हवे, दोन बशांत हवे का, हे सारे आपल्या तोंडाने सांगावे. ही सवय जडली, की परदेशात केवळ भाषा बदलायची राहते.