नॉर्वेवर चिडलो, आपल्या वीटभट्टीवरच्या आईचं काय?

2023 च्या मार्चमध्ये 'मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे' लागला तेव्हा आमच्या कॉलनीतल्या बायका दोन रिक्षा करून बघायला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा सगळ्यांचे डोळे लाल. "सरकार असं कसं कुणाचं मूल उचलून नेऊ शकतं हो सर?" सगळ्यांचा एकच प्रश्न. तेव्हा मी नुसती मान हलवली. आज उत्तर लिहितोय, कारण मागच्या हंगामात जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही.

आधी सांगतो, मी वकील नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलं, आता रविवारी वीटभट्टीवरच्या पोरांना अक्षरं शिकवतो. खाली ज्या कुटुंबाबद्दल लिहितोय त्यांचं नाव, गाव, भट्टी काहीच देणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि तसंही ती त्यांची खाजगी गोष्ट आहे. कुठल्या कार्यालयाचंही नाव घेत नाही. मला एका माणसावर नाही, एका पद्धतीवर बोलायचंय.

तर झालं असं. मराठवाड्यातून आलेलं जोडपं. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. आईबाप पहाटेपासून मातीत. एका सकाळी ताई धाकट्याला घेऊन खाऊ आणायला गेली आणि दोघं स्टँडपर्यंत पोचली. कुणीतरी 1098 ला फोन केला. त्या माणसाने चूक केली असं मी म्हणणार नाही. दोन लहान पोरं स्टँडवर एकटी दिसली तर मीही फोन केला असता.

पोलीस आले, मुलांना घेऊन गेले, 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीच्या एका सदस्यांसमोर उभं केलं, आणि मुलं जिल्ह्याच्या ठिकाणी बालगृहात गेली. इथपर्यंत सगळं कायद्याप्रमाणे. समितीची बैठक नसेल तेव्हा एक सदस्यही मुलाला तात्पुरतं बालगृहात पाठवू शकतात.

पुढचं ऐका. आईबापाला संध्याकाळी कळलं. पोलीस ठाण्यात गेले तर "समितीकडे जा". समितीकडे गेले तर "आज बैठक नाही, सोमवारी या". सोमवारी गेले तर "आधार आणा, जन्मदाखले आणा, रेशन कार्ड आणा". कागद गावाकडच्या घरात, पेटीत. गाव दोनशे किलोमीटरवर. मुकादमाची उचल फिटलेली नाही, तो सोडेना. मग गृहचौकशी. कुटुंब मूळचं दुसऱ्या जिल्ह्याचं, म्हणून पत्र त्या जिल्ह्याला गेलं. तिथे कुणी विचारायला गेलं तर घराला कुलूप, कारण घरातली माणसं इथे विटा पाडतायत.

त्या बाई माझ्याकडे आल्या तेव्हा सतरा दिवस झाले होते. म्हणाल्या, "गुर्जी, आमी पोरांला कधी बोट लावलं न्हाई. मंग आमची काय चूक झाली तेवढं तरी सांगा."

मला सांगता आलं नाही. त्यांच्याकडे एकही कागद नव्हता. एका कागदावर अंगठा मात्र घेतला होता. त्यावर काय लिहिलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे वकिलामार्फत प्रत मिळाली तेव्हा कळलं, कारण लिहिलं होतं: पालकांना कायमस्वरूपी घर नाही.

आता कायदा काय म्हणतो बघा. 2015 च्या बाल न्याय कायद्यात 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' कोण, याची लांबलचक यादी आहे. त्यातलं पहिलंच कलम सांगतं की ज्या मुलाला घर किंवा राहण्याचा ठावठिकाणा नाही आणि ज्याच्या उदरनिर्वाहाचं काही साधन दिसत नाही, ते मूल. यातला 'आणि' महत्त्वाचा आहे. इथे आईबाप दोघं राबत होते, भट्टीवर खोपी होती, चूल पेटत होती. मग साधन नाही असं कसं? आणि पालक सांभाळायला अपात्र आहेत असं म्हणायचं असेल, तर तसं समितीला चौकशीत आढळलं पाहिजे. गरिबी म्हणजे अपात्रता नव्हे. डिसेंबर 2009 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, त्यातही हेच आहे: केवळ आर्थिक हलाखीच्या कारणावरून मूल घरापासून तोडू नये.

आपल्या कायद्याच्या कलम 3 मध्ये तर स्वच्छ लिहिलंय, मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. कलम 36 म्हणतं सामाजिक तपासणी 15 दिवसांत पूर्ण व्हावी. या घराची गृहचौकशी 38 व्या दिवशी आली. मुलं घरी आली 52 व्या दिवशी.

52 दिवस. धाकट्याचे केस उवांमुळे काढून टाकले होते. चांगल्या हेतूनेच काढले असतील. पण आई समोर आली तेव्हा तो तिच्याकडे न जाता बहिणीच्या मागे लपला. बाई तिथेच खाली बसल्या. मी बाहेर येऊन उभा राहिलो.

आता काही जण म्हणतील, सर, तुम्ही पालकांची बाजू घेताय, मुलांचं काय? बरोबर आहे प्रश्न. मी दुसरी बाजूही पाहिलीय. माझ्याच वर्गातल्या एका मुलाच्या पाठीवर चटक्याचे डाग होते, आणि त्या वेळी यंत्रणेने त्याला उचललं म्हणून तो वाचला. आईबाप नेहमी देव असतात असं मी मानत नाही. मूल धोक्यात दिसलं तर 1098 ला फोन करा, आजही करा, उद्याही करा. समितीत अध्यक्ष धरून पाच जण, महिन्यातून किमान 20 दिवस बैठक, हाताखाली माणसं अपुरी, हेही मला दिसतं.

पण म्हणूनच पालकाचं म्हणणं नीट ऐकून घेतलं पाहिजे. चटके देणारा बाप आणि पोटासाठी भट्टीवर आलेला बाप यांतला फरक चौकशीतूनच कळणार ना? आणि घरी जायला हवं ते मूल बालगृहात अडकून पडलं, तर ज्याला खरंच आसरा हवाय त्याची जागा आणि अधिकाऱ्यांचा वेळ, दोन्ही जातात. पालकाचा हक्क मुलाच्या हक्काच्या विरोधात नाही. आपले आईबाप परत मिळणं हा मुलाचाच हक्क आहे.

नॉर्वेचं म्हणाल तर त्यांनाही त्यांच्या वरच्या न्यायालयाने सुनावलंय. सप्टेंबर 2019 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने एका आईच्या प्रकरणात निकाल दिला की तिच्या कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाला. आई आणि मुलाच्या भेटी इतक्या मोजक्या ठेवल्या होत्या की ती सांभाळू शकते की नाही याचा पुरावाच पुरेसा उरला नव्हता, आणि तज्ज्ञांकडून नव्याने तपासणीही झाली नव्हती. आपल्या या बाईंना रविवारी अर्धा तास मिळायचा. जायचं भाडं दीडशे आणि त्या दिवसाची मजुरी बुडालेली. दोन रविवार जमलं नाही. ते दोन रविवार "पालक भेटीस आले नाहीत" म्हणून नोंदले गेले.

बर्लिनमधल्या एका गुजराती कुटुंबाची सात महिन्यांची मुलगी 2021 मध्ये तिथल्या यंत्रणेने ताब्यात घेतली, तेव्हा पुढे 19 पक्षांच्या 59 खासदारांनी जर्मन राजदूतांना पत्र लिहिलं. चांगलंच केलं. भट्टीवरच्या आईसाठी एका नगरसेवकानेही फोन केला नाही.

तुमच्या ओळखीत, कामावर, वस्तीत कुणावर ही वेळ आली तर एवढं करा:

1. लगेच समितीसमोर हजर व्हा. मूल का घेतलं याच्या आदेशाची प्रत लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी विचारलेलं कुठे राहत नाही.

2. वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा नाही. भांडू नका, फक्त "वाचून दाखवा साहेब" म्हणा.

3. मोफत वकील मागा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका न्यायालयातली विधी सेवा समिती. हेल्पलाइन 15100. 1987 च्या कायद्याप्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे कुठल्याही आईला हा वकील मिळतो.

4. अंगणवाडी सेविका, शिक्षक, शेजारी, लसीकरणाचं कार्ड, शाळेचा दाखला, जे असेल ते पुढे करा. आम्हाला शेवटी उपयोगी पडलं ते लसीकरणाचं कार्ड.

5. भेटीसाठी लेखी अर्ज द्या. एखाद्या वेळी जाता येणार नसेल तर तेही कळवा.

6. आदेश चुकीचा वाटला तर 30 दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. समितीच्या कारभाराबद्दल तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. अंतिम आदेशाच्या वेळी किमान तीन सदस्य हजर लागतात, तेही बघा.

7. काहीही झालं तरी मूल लपवू नका, बालगृहाच्या दारात आरडाओरडा करू नका. ते तुमच्याच विरोधात जातं.

आणि प्रशासनाकडे माझ्या तीन मागण्या आहेत. एक, पहिल्याच दिवशी पालकाच्या हातात सोप्या मराठीत एक पानी कागद द्या: मूल कुठे आहे, का घेतलं, पुढची तारीख कोणती, वकील कुठे मिळेल. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. दोन, स्थलांतरित मजुरांची गृहचौकशी ते आत्ता राहतात तिथे करा, कुलूप लावलेल्या घरी नको. तीन, अडचण फक्त पैशाची असेल तर बालगृहाऐवजी मदत घरी पोचवा. बाल संगोपन योजनेत महिना 2250 रुपये आहेत, मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात 4000 आहेत. योजना कागदावर आहेत, पण भट्टीपर्यंत कोणी सांगायला येत नाही.

हे निवेदन मी पुढच्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात देणार आहे. सकाळी अकराला. ज्यांना सही करायचीय त्यांनी या. त्या चित्रपटाला दोन रिक्षा भरून गेल्या होत्या, त्या वहिनींना खास आग्रहाचं निमंत्रण.

ते कुटुंब पावसाच्या तोंडावर गावी परत गेलं. जाताना बाईंनी विचारलं, "गुर्जी, पुढल्या साली यावं का न्हाई?" भट्टीशिवाय त्यांना दुसरं काम नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. "या," म्हणालो. त्या येतील तेव्हा त्यांना दाखवायला काहीतरी बदललेलं असावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.