वहाणा करणारांचे पाय

आपला 'वहाण' हा शब्द संस्कृत 'उपानह्' या शब्दाचा वंशज होय. धंदाही तितकाच जुना. परंतु त्यांत एक नवें दुखणें शिरलें आहे आणि सुशिक्षित घरांतून त्याची वार्ताही नाहीं.

कोल्हापुरी चप्पल चामड्याच्या वादीनें शिवतात. आमच्या छत्रपति संभाजीनगरांत पैठण गेट, गुलमंडीकडे जीं स्वस्त पादत्राणें विकावयास असतात, त्यांतील पुष्कळांचे तळ मात्र चिकटविलेले असतात. चिकटविण्याच्या रबरी द्रवाला कारागीर 'सोल्यूशन' म्हणतात. तो पातळ राहावा म्हणून त्यांत लवकर उडून जाणारीं द्रव्यें घालतात. एन-हेक्झेन हें त्यांपैकीं एक. त्याची वाफ श्वासावाटे शरीरांत जाते, यकृतांत तिचें निराळेंच विष बनतें, आणि तें मज्जातंतूंच्या आंतील प्रथिनांचा बिघाड करतें. सर्वांत लांब तंतूंना आधीं बाधा होते. म्हणून प्रथम पावलें बधिर होतात, मग हातांचीं बोटें, आणि पुढें चालतांना पाऊल नीट उचलत नाहीं.

जपानांत सपाता घरोघर बनत. तेथें तपासलेल्या १६६२ कामगारांपैकीं ९३ जणांस हा विकार आढळल्याचें यामामुरा यांनीं १९६९ सालीं प्रसिद्ध केलें. इटलींतील जोडे करणारांतही तो दिसला. 'घरोघर' हा शब्द वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. मोठ्या कारखान्यास निदान निरीक्षकाचें भय असतें; धारावींत किंवा कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा वसाहतींत ज्या खोलींत जोडे होतात, तेथेंच पुष्कळदां माणसें जेवतात व निजतात.

या दुखण्याची एक खोड विलक्षण आहे. काम सोडल्यावरही तें कांहीं आठवडे, कधीं महिनेही, वाढतच जातें. त्यामुळें कारण भलतेंच असावें असें रोग्यास वाटतें. उतारा असा नाहीं. वाफेपासून दूर राहिल्यास बहुतेक रोगी सावकाश सुधारतात. विकार फार बळावला असल्यास दुर्बलता मागें राहते.

पाय बधिर झाले कीं डॉक्टर साखर तपासतात, तें योग्यच. परंतु साखर ठीक निघाली म्हणजे पुढें काय? रोग्यास त्याचा धंदा विचारावा, असें रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानें १७०० सालींच लिहून ठेवलें आहे. आपल्या कुटुंबांत कोणी डॉक्टर असल्यास त्याला एवढें अवश्य सांगावें.

कारागिरानें डब्यावर झांकण ठेवावें, समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्या, हात थिनरनें न धुतां साबणानें धुवावे. तोंडास फडकें बांधल्यानें वाफ अडत नाहीं. पाण्यांत कालविलेलें सोल्यूशनही मिळतें. पण तें वाळण्यास वेळ लागतो आणि नगावर मजुरी घेणाऱ्यास तो परवडत नाहीं. व्यापाऱ्यानें नगामागें चार पैसे वाढविल्याखेरीज तें त्या खोलींत येणार नाहीं.