कारण लिहा, मगच पेन्शन नाकारा!

माजी सैनिक, त्यांची कुटुंबे आणि सर्व नागरिकांसाठी पत्रक

धरमवीर सिंग 1985 साली लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये भरती झाले. भरतीच्या तपासणीत त्यांच्या नावे कोणत्याही आजाराची नोंद नव्हती. 1994 मध्ये फिट येतात म्हणून त्यांना सेवेतून कमी करण्यात आले. मेडिकल बोर्डाने अपंगत्व 20 टक्के ठरवले आणि पुढे लिहिले की आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. तेवढ्यावर अपंगत्व पेन्शन नाकारली गेली. ती मिळवून देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2013 मध्ये लागला, म्हणजे तब्बल 19 वर्षांनी.

अपंगत्व पेन्शनसाठी दोन प्रश्न निर्णायक असतात. अपंगत्व किमान 20 टक्के आहे का? आणि त्याचा सेवेशी संबंध आहे का? दोन्हींची उत्तरे मेडिकल बोर्डाच्या कागदावर ठरतात. ‘राउंडिंग ऑफ’च्या नियमाने पात्र ठरलेले 20 टक्के अपंगत्व 50 टक्के धरले जाते, सेवेची मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार खटल्यात डिसेंबर 2014 मध्ये स्पष्ट केले. 20 च्या खाली मात्र शून्य. एका टक्क्यावर एका घराचे उत्पन्न ठरते. मग तो टक्का का कापला, हे लिहायला बोर्डाला कसली अडचण?

धरमवीर सिंग निकालाने अपंगत्व पेन्शनच्या 1982 च्या नियमांचा अर्थ निःसंदिग्धपणे सांगितला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असेच धरायचे. आजाराचा सेवेशी संबंध सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर नाही. शंका असेल तर तिचा फायदा त्यालाच. आजार आधीपासूनच होता, पण भरतीच्या तपासणीत ओळखता येण्यासारखा नव्हता, असे बोर्डाला म्हणायचे असेल तर त्याची कारणे लिहिलीच पाहिजेत. सुखविंदर सिंग खटल्यात 2014 मध्ये न्यायालय आणखी पुढे गेले: अपंगत्वामुळे सेवेतून काढले असेल, तर ते 20 टक्क्यांहून अधिक आहे असेच मानायला हवे.

तरीही कारणे न लिहिता पेन्शन नाकारणे सुरूच राहिले. स्किझोफ्रेनियामुळे सेवा सुटलेल्या एका माजी सैनिकाच्या दाव्यात, कारणे न देता दिलेले बोर्डाचे मत टिकणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला 2025 मध्ये पुन्हा सांगावे लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे मधुमेहाचे प्रकरण आले. आजार पीस पोस्टिंगवर, म्हणजे शांत भागातल्या नेमणुकीवर असताना उद्भवला, हा बोर्डाचा मुख्य आधार होता. न्यायालयाने तो पुरेसा मानला नाही. पीस स्टेशनवरच्या फौजीलाही घरापासून दूर, शिस्तीच्या आणि बदल्यांच्या ताणाखालीच राहावे लागते.

काही जण अपंगत्व पेन्शनचा गैरफायदा घेतात, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा मानला तरी त्यावर उपाय एकच: सविस्तर, कारणांसह लिहिलेला अहवाल. खोटा दावा कारणे देऊनच उघडा पाडता येतो. ठोकळेबाज शेऱ्याने खऱ्या रुग्णाचाही बळी जातो.

2015 मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली होती. तिच्या अहवालाने मेडिकल बोर्डांच्या पद्धतीवर आणि अपंग सैनिकांविरुद्ध सरकारने चालवलेल्या अपिलांवर कडक टीका केली. सप्टेंबर 2023 मध्ये नवे नियम आले. त्याआधी निवृत्त झालेल्यांचे दावे मात्र जुन्याच नियमांनी तपासायचे आहेत. त्यांच्या बाबतीत कायदा आता पुरता स्पष्ट आहे. पाळला जात नाही, हा प्रश्न आहे.

म्हणून मागण्या अशा:

1. ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा मारताना बोर्डाने भरतीची नोंद, पोस्टिंगचा इतिहास आणि वैद्यकीय आधार यांसह कारणे लिहावीत.

2. बोर्डाच्या पूर्ण कागदपत्रांची प्रत जवानाला न मागता मिळावी.

3. अपिलात पहिलाच शेरा पुन्हा उतरवून चालणार नाही. त्या आजाराच्या तज्ज्ञाने रुग्णाला प्रत्यक्ष तपासावे.

4. ज्या मुद्द्यांवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, त्यांवरची सरकारी अपिले मागे घ्यावीत.

सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर आणि कोकणातल्या गावागावांत फौजी घरे आहेत. ज्यांचा दावा फेटाळला गेला, त्यांनी डिस्चार्ज बुक, बोर्डाची प्रत आणि नकाराचे पत्र एकत्र करून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठावे. पत्रातली अपिलाची मुदत चुकवू नये. अपिलातही दाद मिळाली नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. ज्यांच्या घरात फौजी नाही, त्यांनी ग्रामसभेत या चार मागण्यांचा ठराव मांडावा आणि त्याची प्रत आपल्या खासदारांकडे पाठवून लेखी उत्तर मागावे.