गाडी उठवायची, पण हळूच

दिवाळीला पुण्या-मुंबईची मंडळी नांदेड-लातूरला घरी येतात. फराळावर ताव मारून होतो, पत्त्यांचे डाव होतात, आणि मग कुणाचे तरी लक्ष अंगणाच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली ताडपत्री पांघरून बसलेल्या गाडीकडे जाते. बाबांची पद्मिनी, काकांची ॲम्बॅसिडर, नाहीतर घरात पहिल्यांदा आलेली मारुती ८००. "चालू होते का बघू या की!" असे जावईबापू म्हणतात, धाकटा शेजारून बॅटरी मागून आणतो, आणि किल्ली फिरते. वाचकहो, ती किल्ली तीन दिवस उशिरा फिरावी, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

या गाड्यांना आता बदली मिळायची नाही. पद्मिनी काढणारा कुर्ल्याचा कारखाना शतक पालटता पालटता थंडावला. मारुती ८०० आणि उत्तरपाड्याची ॲम्बॅसिडर या दोघींचे उत्पादन २०१४ साली थांबले. तेव्हा घरातले इंजिन बिघडवले, तर सुटे भाग शोधत भंगारबाजार पालथा घालावा लागतो. उलट, वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी कायमचीच गेली असेही समजू नये. आपला मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ज्यांच्या राज्यात होता, त्या निजामांच्या घरचेच उदाहरण आहे. सहाव्या निजामांनी पिवळ्या रंगाची रोल्स-रॉईस मागवली आणि ती येण्याआधीच, १९११ मध्ये, ते वारले. पुढे कित्येक दशके ती गाडी जवळजवळ चाललीच नाही. आज ती दुरुस्त होऊन हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात दिमाखात उभी आहे. आपल्याकडे राजवाडा नाही; पण धीर धरायला काही राजवाडा लागत नाही.

आता उभ्या इंजिनात नेमके होते काय, ते पाहू. चालत्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवर ऑईलचा पातळ थर असतो. गाडी उभी राहिली की तो हळूहळू ओघळून खाली चेंबरमध्ये जातो. उघड्या पडलेल्या बिडाच्या भिंतीला पावसाळी दमट हवा लागते आणि गंजाची बारीक साय धरते. आपली हवा कोरडी, म्हणून इकडे गंज नाही, हा गोड गैरसमज आहे. भाद्रपदातली ओल त्याला पुरते. पिस्टनच्या रिंगा त्या गंजात चिकटून बसतात. अशा वेळी सेल्फ मारला, की रिंग तुटते नाहीतर भिंतीवर ओरखडा उमटतो. एखादा व्हॉल्व्ह अडकलेला असला, तर त्याला ढकलणारी सळई वाकते. जे काम चार चमचे ऑईलवर भागले असते, त्यासाठी मग सारे इंजिन उघडावे लागते.

नांदेडच्या जुन्या गावात एक वयस्क मिस्त्री आहेत. लहानथोर त्यांना चाचा म्हणतात. एका प्राध्यापकांनी त्यांना गळ घातली, "चाचा, आजच चालू करून द्या. मुलं परवा पुण्याला जायलीत."

चाचांनी बॉनेटवर हात ठेवला. "सर, नऊ वर्षं झोपलेल्या माणसाला तुम्ही उठल्याबरोबर पळवायलाव. आधी घोटभर चहा तरी पाजा त्याला."

हा चहा असा पाजायचा. चारही प्लग काढावेत (मारुतीला तीनच असतात) आणि प्रत्येक भोकातून दोन-दोन चमचे इंजिन ऑईल आत सोडावे. भोकांवर स्वच्छ फडके टाकून रात्रभर, जमल्यास दोन रात्री, गाडीला तशीच राहू द्यावी. ऑईल रिंगांच्या फटीत मुरते. मग सेल्फने नव्हे, हाताने इंजिन फिरवून पाहावे. हँडल असेल तर हँडलने. नसेल तर पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून, इंजिन चालताना ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने. जोर मनगटाचा हवा, खांद्याचा नको. नाही हलले, तर पुन्हा ऑईल, पुन्हा एक रात्र. पान्याला लांब पाईप अडकवून लोंबकळणारे वीर घरोघरी असतात. त्यांना त्या दिवशी बाजारात पाठवावे.

इंजिन दोन पुरे फेरे मोकळे फिरले, की निम्मी लढाई जिंकली. टॅपेट कव्हर काढून व्हॉल्व्ह वरखाली होतात ना, ते पाहावे आणि तिथेही ऑईल सोडावे. मारुतीला साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा असतो. तो वरून धडधाकट दिसला तरी बदललेला बरा.

उंदरांना मात्र विसरू नका. आपल्या भागात सुगीला घरात सोयाबीन आणि कापूस येतो, आणि त्यातला उंदरांचा वाटा पुष्कळदा एअर फिल्टरमध्ये जमा होतो. झाकण उघडल्यावर मूठभर दाणे आणि कापसाचे बोळे निघाले तर नवल वाटायला नको. ते हसण्यावारी नेता येते; कुरतडलेल्या वायरी नेता येत नाहीत. बॅटरी जोडण्यापूर्वी प्रत्येक वायर हाताखालून घालावी.

जुने ऑईल काढताना त्याच्याकडे नीट पाहावे. दुधट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटलेला असण्याचा संभव आहे, आणि नवे ऑईल घालूनही तेच होणार. रेडिएटरचे जुने पाणी सोडून द्यावे, नळ्या दाबून पाहाव्यात. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. बाकी दिवस पुष्कळ घरांची मदार बोअरवरच. त्या पाण्यातले क्षार किटलीत जसे बसतात तसे रेडिएटरमध्येही बसतात. तेव्हा कूलंट आणि बॅटरीचे शुद्ध पाणी घालावे.

टाकीतले जुने पेट्रोल आंबूस, वार्निशसारखे वास मारते. ते सगळे काढून टाकावे आणि कार्बोरेटर उघडून त्यातला चिकट गाळ धुवावा. एक गंमत पाहा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ते पुष्कळसे उसापासून येते. म्हणजे आपल्याच रानातले पीक टाकीत उतरते. पण ते पाणी ओढून घेते, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी केलेल्या नाहीत. त्या नव्या घालाव्यात. हे सारे दिवसाउजेडी आणि उघड्यावर करावे. अंगणात फुलबाज्या उडत असताना पेट्रोलचे काम काढणाऱ्याला घरच्या माणसांनी सरळ हाताला धरून आत न्यावे. वाळूची बादली जवळ हवीच.

मग सेल्फची पाळी येते, तीही प्लग बाहेर ठेवूनच, आणि इग्निशनची तार काढून. दहा सेकंद फिरवावे, मिनिटभर थांबावे. ऑईलचा लाल दिवा विझेपर्यंत किंवा काटा वर चढेपर्यंत हेच. ऑईल वरपर्यंत पोचले, याची ही पावती. त्यानंतरच प्लग घट्ट करावेत, तार जोडावी, पॉइंट बारीक पॉलिशपेपरने पुसावेत, आणि किल्ली फिरवावी.

पहिल्यांदा निळसर धूर येतो. आत सोडलेलेच ऑईल जळत असते, ते काही मिनिटांत सरते. लाल दिवा पाच सेकंदांत विझला नाही, तर मात्र तत्काळ बंद करावे. शेडचे दार लावून इंजिन मुळीच चालवू नये. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी जातो. उगाच रेस करून आवाज ऐकवण्याचा मोहही आवरावा. दहा मिनिटे चालवून बंद करावे आणि खाली वाकून कुठे गळते का, ते पाहावे.

प्राध्यापकांची गाडी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चालू झाली. त्यांच्या सौभाग्यवतींनी ओवाळण्याचे तबक आणले, तेव्हा चाचा म्हणाले, "वहिनी, निरांजन जरा लांबूनच!" मुले गाडीत चढूनही बसली. चाचांनी किल्ली काढून खिशात टाकली. इंजिन उठले, ब्रेक उठले नव्हते. ब्रेक ऑईल वर्षानुवर्षे ओल शोषत असते, चाकांतले सिलिंडर अडकतात, आणि उभ्या उभ्या टायरला चिरा पडतात. शिवाय पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी नवी केलेली नसेल, तर तिला रस्त्यावर काढताच येत नाही. लातूरच्या मामांकडे अहमदपूरमार्गे जाण्याचा मुलांचा बेत संक्रांतीवर गेला. त्या संध्याकाळी गाडी धक्क्यानेच फाटकापर्यंत नेली आणि तशीच मागे आणली. धक्का मारायला आळीतली निम्मी पोरे होती.