पेडण्याच्या लेकी व नागरिकत्वाचा पुरावा

पेडण्याची मुलगी वेंगुर्ल्यास अथवा मालवणास द्यावी, शिरोड्याची मुलगी हरमलास जावी, हा तेरेखोलच्या खाडीवरचा जुना रिवाज. पेडणें सावंतवाडीकर भोसल्यांकडे होतें तेव्हांही तो होता आणि १७८८ मध्यें तें पोर्तुगीजांकडे गेल्यावरही मोडला नाहीं. अशाच एखाद्या घरांतील, पेडण्यास जन्मलेल्या, सत्तरी उलटलेल्या आजीबाई आखातांतील मुलाकडे जाण्यासाठीं पासपोर्टाचा अर्ज करतात आणि मुलाखतीच्या मेजापलीकडून प्रश्न येतो : तुम्ही भारताच्या नागरिक कशावरून?

आमचें म्हणणें असें कीं, याचें उत्तर विचारणारासच पाठ असावयास पाहिजे. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला आणि १९६२ मध्यें भारत सरकारनें नागरिकत्वाचा हुकूम काढला. ज्याचा स्वतःचा, आईबापांपैकीं एकाचा किंवा आजाआजींपैकीं कोणाचाही जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वीं गोवा, दमण वा दीव येथें झाला, तो त्या दिवशीं भारताचा नागरिक झाला असें मानावें. जुनेंच नागरिकत्व ज्यास हवें असेल त्यानें महिन्याच्या आंत लेखी कळवावें. म्हणजे लिहून द्यावयाचें होतें तें नाकारणारानें! स्वीकारणारास एक ओळही खरडावयाची नव्हती. तेव्हां सरकारनें ज्यांस कागद दिलाच नाहीं, त्यांजकडे आज कागद मागणें हा कोठला न्याय?

आधारपत्र दाखवावें तर तो नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असें २०१६ चा कायदाच बजावतो. राहिला जन्माचा दाखला. तो मिळालाच तर पोर्तुगीज भाषेंत, आणि त्या लिपींत आमच्या शकारास एक्स हें अक्षर. त्यांतून नांव माहेरचें. लग्नांत नांव बदलण्याची आपली चाल! रेशनकार्डावरील सासरची बाई आणि दाखल्यावरील माहेरची मुलगी एकच, हें सिद्ध करण्यास बिचारीनें आतां साक्षीदार कोठून आणावे? ते बहुतेक स्वर्गवासी झालेले.

यावर कोणी म्हणेल, गोव्यांतील पुष्कळांनीं लिस्बनमध्यें जन्मनोंद करून पोर्तुगालचा पासपोर्ट घेतला, मग सरकारनें चौकशी करूं नये काय? अवश्य करावी. स्वखुशीनें परदेशाचें नागरिकत्व घेणाराचें भारतीय नागरिकत्व १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ अन्वयें संपतें. परंतु तो प्रश्न निराळा व एका वाक्याचा : आपण परदेशाचें नागरिकत्व घेतलें आहे काय? तो पेडण्याच्या आजीबाईंस विचारावा, तसा पुण्याच्या सदाशिव पेठेंतील गृहस्थांसही विचारावा. केवळ जन्मस्थळ पाहून संशय घेणें ही चौकशी नव्हे, आळस आहे.

जुन्या पोर्तुगीज जन्मनोंदींचें मराठी भाषांतर सरकारनेंच फुकट करून द्यावें, विवाहानें बदललेल्या नांवाबद्दल घरांतील वडीलधाऱ्या माणसाचें प्रतिज्ञापत्र पुरेसें मानावें, आणि १९६२ च्या हुकुमाची एक प्रत प्रत्येक मुलाखतीच्या मेजावर, कांचेखालीं कां होईना, ठेवावी.